आरएनए सिक्वेन्सिंगसाठी नमुना तयार करण्याचे प्रशिक्षण

पेशी, ऊती किंवा रक्तातून आरएनए वेगळा काढून त्यापासून सिक्वेन्सिंग (क्रमनिर्धारण) यंत्राला वाचता येईल अशी डीएनए लायब्ररी, म्हणजे डीएनए तुकड्यांचा संच, बनवण्याचे हातकाम या प्रशिक्षणात शिकवतात. मुंबई-नवी मुंबईत रेणवीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळा कुलाबा, परळ, कालिना, पवई, खारघर अशा विखुरलेल्या आहेत. मुंबई महापालिकेने २०२१ मध्ये कस्तुरबा रुग्णालयात करोना विषाणूच्या जनुकीय क्रमनिर्धारणाची प्रयोगशाळा सुरू केली. या विषाणूचा जीनोम आरएनएचाच असल्यामुळे तिथल्या कामाची सुरुवातही आरएनए सांभाळण्यापासूनच होते. वाटेत तुटलेला आरएनए पुढे कोणतेही सॉफ्टवेअर सांधून देत नाही, म्हणून निदान निम्मा वेळ आरएनए काढणे आणि तपासणे यांना द्यायला हवा. नुसता किट वापरायला शिकवून भागत नाही.

पहिला धडा आरएनेझ या आरएनए तोडणाऱ्या विकराचा. घाम, त्वचा, धूळ, सगळीकडे तो असतो. चार डायसल्फाइड बंधांमुळे त्याची घडी इतकी पक्की असते की उकळल्यावरही तो थंड होताना पुन्हा कामाला लागतो, त्यामुळे ऑटोक्लेव्हवर (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रावर) विसंबता येत नाही. पाण्यात ०.१ टक्के डीईपीसी हे आरएनेझ निकामी करणारे रसायन घालून रात्रभर ठेवतात आणि मग ऑटोक्लेव्ह करून उरलेला डीईपीसी मोडतात. ट्रिस बफरला हा उपाय चालत नाही, कारण डीईपीसी ट्रिसशीच अभिक्रिया करून संपतो. खलबत्ता आणि काचसामान २४० अंश सेल्सिअसला चार तास भाजतात. ग्लोव्हज घातलेल्या हाताने मोबाइल किंवा दाराची मूठ धरली किंवा कपाळ पुसले की ग्लोव्हज बदलायचे. मुंबईच्या दमटपणात ही सवय लागायला वेळ लागतो.

नमुना रुग्णालयातून येणार असेल तर प्रवासाचाही विचार करावा लागतो. परळहून खारघरला निघालेला डबा वाहतुकीत किती अडकेल ते सांगता येत नाही. ऊतीचे तुकडे एका बाजूने अर्ध्या सेंटिमीटरहून पातळ कापून पाचपट आरएनएलेटर या आरएनए टिकवणाऱ्या द्रवात बुडवले की खोलीच्या तापमानाला आठवडाभर टिकतात. जाड तुकड्याच्या गाभ्यापर्यंत द्रव पोचत नाही आणि तो आतून खराब होतो. उणे ८० अंशांवर गोठवलेला तुकडा मात्र वितळू न देता द्रव नायट्रोजनमध्येच कुटायचा. वितळताना पेशी फुटतात आणि त्यांच्यातलाच आरएनेझ मोकळा सुटतो.

आरएनए काढण्यासाठी ट्रायझॉल (फिनॉल आणि ग्वानिडिनचे मिश्रण) अजूनही सर्वांत शिकवणारी पद्धत आहे. तिचा पाया खोम्चिन्स्की आणि साक्की यांनी १९८७ मध्ये मांडला. ५० ते १०० मिलिग्रॅम ऊतीला १ मिलि. ट्रायझॉल, त्यात ०.२ मिलि. क्लोरोफॉर्म, १५ सेकंद जोराने हलवणे, दोन-तीन मिनिटे थांबणे आणि ४ अंशांवर १२,००० जी वेगाने १५ मिनिटे सेंट्रिफ्यूज. खाली गुलाबी थर, मध्ये पांढरी साय, वर स्वच्छ पाणी. आरएनए त्या पाण्यात असतो. नवशिक्या शेवटच्या थेंबापर्यंत ओढायला जातो आणि पिपेटच्या टिपेत साय येते. त्याबरोबर जीनोमिक डीएनए आणि प्रथिनेही येतात. ट्यूब ४५ अंशांत तिरकी धरावी, टिप वरच्या पातळीवर ठेवून हळूहळू खाली न्यावी आणि वरच्या थराचा पाचवा हिस्सा खुशाल सोडून द्यावा. पुढे ०.५ मिलि. आयसोप्रोपेनॉलने अवक्षेपण आणि ७५ टक्के इथेनॉलने धुणे. गोळा पूर्ण सुकवला तर तो पुन्हा विरघळत नाही. कडा पारदर्शक दिसू लागल्या की पाणी घालायचे. मग उरलेला डीएनए तोडणाऱ्या डीएनेझ-१ विकराची प्रक्रिया.

ट्रायझॉलचा कचरा हायपोक्लोराइटच्या, म्हणजे ब्लीचच्या, बादलीत कधीही टाकायचा नाही. त्यातले ग्वानिडिन थायोसायनेट ब्लीचशी मिळून विषारी वायू सोडते. रुग्णालयाच्या लॅबमध्ये ती बादली हाताशीच असते, म्हणून ही सूचना पहिल्याच दिवशी द्यावी.

तपासणीत नॅनोड्रॉप या प्रकाशशोषण मोजणाऱ्या यंत्रावर २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचे २६०/२८० गुणोत्तर २.०च्या आसपास आणि २६०/२३० गुणोत्तर २.० ते २.२ अपेक्षित असते. दुसरे घसरले तर बहुधा ग्वानिडिन उरलेले असते; इथेनॉलने आणखी एकदा धुवावे. नॅनोड्रॉप डीएनएही मोजून टाकतो, म्हणून लायब्ररीसाठी क्यूबिट या चकाकणारा रंग वापरून मोजणाऱ्या यंत्राचा आकडा धरतात. आरएनए किती अखंड आहे ते बायोॲनालायझर या तुकड्यांची लांबी मोजणाऱ्या यंत्राच्या १ ते १० अशा आरआयएन अंकावरून कळते; १० म्हणजे पूर्ण अखंड. अंक ७ किंवा ८च्या खाली असेल तर ऑलिगो-डीटी मण्यांनी एमआरएनए (प्रथिनांचा संदेश वाहणारा आरएनए) निवडू नये: मणी फक्त ३' टोकाची पॉली-ए शेपटी पकडतात, त्यामुळे तुटलेल्या रेणूचे ५' टोक हातून जाते आणि सगळी वाचने ३' टोकाकडे गोळा होतात. अशा वेळी रायबोसोमल आरएनए (पेशीतल्या रायबोसोमचा आरएनए) काढून टाकण्याची पद्धत बरी. एकूण आरएनएत त्याचाच वाटा ८० टक्क्यांहून जास्त असतो. पॅराफिन ब्लॉकमधल्या (मेणात जतन केलेल्या ऊतीच्या) नमुन्यांना आरआयएन निरुपयोगी ठरतो. तिथे २०० न्यूक्लिओटाइडहून लांब तुकड्यांचे प्रमाण, म्हणजे डीव्ही-२००, पाहतात.

लायब्ररीत आरएनए मॅग्नेशियमच्या उपस्थितीत ९४ अंशांवर काही मिनिटे तापवून तोडतात, मग त्यावरून डीएनएचा पहिला धागा बनवणे, त्यावर दुसरा धागा बनवणे, ॲडॅप्टर (यंत्राला ओळखू येणारे छोटे डीएनए तुकडे) जोडणे आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या नकला वाढवणे. बहुतेकांचे हात अडखळतात ते चुंबकीय मण्यांनी शुद्धीकरण करताना. मणी अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढून नीट ढवळलेले हवेत. ५० मायक्रोलिटर द्रवाला ४५ मायक्रोलिटर मणी, म्हणजे ०.९ पट, घातले तर सुमारे १२० ते १३० बेसजोड्यांचे ॲडॅप्टर-डायमर (एकमेकांनाच जोडले गेलेले ॲडॅप्टर) बरेचसे निघून जातात. प्रमाण वाढवले की तेही मण्यांना चिकटून राहतात. ८० टक्के इथेनॉल रोज ताजे करावे. उघड्या बाटलीतले इथेनॉल उडून पाण्याचे प्रमाण वाढते आणि धुतानाच डीएनए सुटून जातो. पावसाळ्यात डीह्युमिडिफायर नसलेल्या खोलीत मणी सुकण्याची घड्याळी वेळ खोटी ठरते, म्हणून नजर ठेवायची ती चकाकीवर. ओली चकाकी जाऊन तपकिरी रंग मंद झाला की लगेच बफर घालावा. भेगा पडल्या तर डीएनए नीट सुटत नाही, आणि चकाकी राहिली तर इथेनॉल पीसीआर बिघडवते.

पीसीआरची चक्रे किटने दिलेल्या मर्यादेत शक्य तितकी कमी ठेवावीत. जास्त चक्रांनी एकाच रेणूच्या नकला वाढतात. शेवटी मोलरता, म्हणजे द्रवात लायब्ररीचे रेणू किती दाट आहेत ते, काढतात: प्रति मायक्रोलिटर नॅनोग्रॅमला १० लाखांनी गुणून ६६० गुणिले सरासरी लांबीने भागायचे. २ नॅनोग्रॅम आणि ३०० बेसजोड्या असतील तर सुमारे १० नॅनोमोलर. बायोॲनालायझरच्या आलेखात डायमरचा उंचवटा दिसत असेल तर ही लायब्ररी इतरांत मिसळू नये, आधी मण्यांनी पुन्हा शुद्ध करावी: छोटे तुकडे फ्लोसेलवर (सिक्वेन्सिंग यंत्रातल्या काचपट्टीवर) जास्त सहज वाढतात आणि बाकीच्या नमुन्यांची वाचनेही खातात.