बनियनचं ऑपरेशन झालं, आता पुन्हा धावायचं कधी?

पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी, आतल्या बाजूला जो टेंगळासारखा उंचवटा येतो त्याला बनियन म्हणतात. बऱ्याच जणांना वाटतं की तिथे जास्तीचं हाड वाढलंय आणि ते तासून टाकलं की झालं काम. तसं नसतं. अंगठ्याच्या मागे तळपायात एक लांब हाड असतं, पहिलं मेटाटार्सल, ते हळूहळू आतल्या बाजूला सरकतं आणि अंगठा उलट दिशेला, शेजारच्या बोटाकडे कलतो, आणि जो उंचवटा दिसतो तो मुख्यतः त्या सरकलेल्या हाडाचं बाहेर आलेलं टोक असतं. म्हणून ऑपरेशनमध्ये नुसतं तासत नाहीत, हाड कापून जागेवर आणतात आणि स्क्रूने धरून ठेवतात. हे कळलं की खेळाडूला परत यायला महिने का लागतात तेही कळतं, कारण खरं तर आपण मुद्दाम केलेलं एक फ्रॅक्चर भरून यायची वाट बघत असतो.

खेळाडू सगळ्यात आधी विचारतो, किती आठवडे? मला हा प्रश्नच थोडा चुकीचा वाटतो. हाडाला स्वतःचं कॅलेंडर असतं हे खरं, साधारण 6 ते 8 आठवड्यांत कापलेली जागा बऱ्यापैकी जुळते, एक्स-रे चांगला दिसतो, डॉक्टर म्हणतात छान आहे, आणि मग माणूस बूट घालून बाहेर पडतो आणि दोन दिवसांत पाय टम्म सुजवून परत येतो. कारण जुळलेलं हाड आणि धावायला तयार असलेला पाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धावताना अंगठा नेमकं करतो काय ते बघा. टाच उचलली जाते, सगळा भार चवड्यावर येतो आणि अंगठा वरच्या बाजूला वाकतो. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड चिवट पट्टा असतो, प्लांटर फॅशिया. अंगठा वाकला की हा पट्टा त्याच्या बुडाभोवती गुंडाळला जातो, अगदी विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळावा तसा, त्यामुळे तो ताणला जातो, पायाची कमान उचलली जाते आणि मऊ, लवचिक पाऊल एका क्षणात कडक तरफेसारखं होतं. हिक्स नावाच्या संशोधकाने 1954 साली हे मांडलं आणि त्याला नावही रहाटाचंच पडलं, विंडलास मेकॅनिझम. म्हणजे अंगठा नीट वाकला नाही तर रहाट फिरत नाही, रहाट फिरला नाही तर पाऊल कडक होत नाही आणि पोटरीने लावलेला जोर जमिनीपर्यंत पोचायच्या आधीच वाया जातो. नुसतं चालायला अंगठा 40 ते 60 अंश वाकला तरी भागतं, स्प्रिंटला त्याहून जास्त लागतं आणि चवड्यावर उंच उभं राहणाऱ्या बॅले डान्सरला तर जवळपास 90 अंश. म्हणूनच डान्सरला करिअर चालू असताना हे ऑपरेशन शक्यतो टाळा असं सांगितलं जातं, कारण थोडा वाकडा पण पूर्ण वाकणारा अंगठा त्यांना चालतो, सरळ पण आखडलेला चालत नाही.

आणि आखडणं हाच या ऑपरेशननंतरचा मोठा त्रास. सांध्याभोवतीचं आवरण उघडलेलं असतं, ते भरताना व्रणाचं टिश्यू तयार होतं आणि पाय आठवडेच्या आठवडे कडक तळाच्या बुटात असतो. अंगठ्याच्या सांध्याखाली वाटाण्याएवढी दोन हाडं असतात, सेसमॉइड, गुडघ्याच्या वाटीची छोटी भावंडं म्हणा, तीही बनियनमध्ये आपल्या खाचेतून बाजूला गेलेली असतात आणि परत खाचेत बसल्यावर त्यांना मागेपुढे सरकायची सवय लागावी लागते. त्यामुळे सर्जनने परवानगी दिली की हाताने अंगठा हळूहळू वरखाली वाकवणं हा कंटाळवाणा व्यायाम सगळ्यात मोलाचा आहे. लोक तो टाळतात कारण त्यात घाम येत नाही, व्यायाम केल्यासारखं वाटत नाही, पण प्लीज टाळू नका.

ऑपरेशन कुठलं झालंय यावरही बरंच अवलंबून असतं. शेव्हरॉनमध्ये हाडाच्या पुढच्या टोकाजवळ व्ही आकाराचा काप असतो, स्कार्फमध्ये लांब झेड आकाराचा, हे नाव सुतारकामातल्या लाकूड जोडायच्या पद्धतीवरून आलंय. या दोन्हींत बऱ्याचदा खास बुटात टाचेवर भार देत लवकर चालता येतं. लॅपिडसमध्ये मात्र मेटाटार्सलच्या मुळाशी असलेला सांधाच कायमचा जोडून टाकतात, तो पक्का व्हायला जास्त वेळ लागतो आणि भारही सांभाळून द्यावा लागतो. त्यामुळे मैत्रीण तीन महिन्यांत धावायला लागली म्हणून मीही लागणार, असा हिशोब करू नका, तिचा काप वेगळा असू शकतो.

आणखी एक गोष्ट जी फार कमी जणांना सांगितली जाते. दुखतंय म्हणून सुरुवातीला आपण पायाच्या बाहेरच्या कडेवर चालतो. दुखणं जातं पण ती चाल राहते. अंगठा भार घेत नाही म्हणून तो भार शेजारच्या दुसऱ्या मेटाटार्सलवर जातो, आणि ते हाड बारीक असतं. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर जमिनीकडून येतो, हजारो पावलं तो त्या बारीक हाडावर पडला की आधी चवडा दुखतो आणि तरीही रेटलं तर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेला बारीक तडा. अंगठा सरळ झाला आणि दुसरंच हाड मोडलं, यापेक्षा वाईट काय असणार! मोबाईलवर मागून आपल्या चालण्याचा व्हिडिओ काढून फिजिओला दाखवा, टाच उचलताना जोर अंगठ्यावरून जातोय की बाहेरून निसटतोय ते त्यांना लगेच दिसतं.

मग तयार झालो हे ओळखायचं कसं? ऑपरेशनच्या पायावर एकट्याने उभं राहून टाच पूर्ण उचला, अंगठा जमिनीला दाबून, आणि दुसऱ्या पायाने जितक्या वेळा जमतं साधारण तितक्या वेळा जमतंय का बघा. 20-25 वेळा आरामात झालं तर पोटरी परत आली म्हणायचं. त्यानंतर दोन पायांवर छोट्या उड्या, मग एका पायावर, मग चालणं आणि धावणं आलटून पालटून. सरळ हलकं धावणं बऱ्याच जणांना तीन महिन्यांच्या आसपास सुरू करता येतं, पूर्ण खेळ चार ते सहा महिन्यांत, काहींना अजून जास्त. वळणं, अचानक थांबणं आणि स्प्रिंटची सुरुवात या गोष्टी सगळ्यात शेवटी, कारण तिथे अंगठ्यावर वाकणं आणि पिळवटणं एकदमच येतं.

सूज मात्र सहा महिने, कधी वर्षभरही संध्याकाळी येत राहते, तिला घाबरून सगळं बंद करायची गरज नाही. बघायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी: रात्रभरात सूज उतरली आणि अंगठा कालएवढाच वाकतोय तर कालचा व्यायाम झेपला, सकाळीही फुगलेला आणि आखडलेला असेल तर दोन दिवस मागच्या पायरीवर जा आणि मग पुन्हा चढा.