प्राध्यापकांना ऑनलाइन शिकवायला कोणी शिकवलं?

शाळेतल्या मास्तरांना डी.एड. किंवा बी.एड. केल्याशिवाय वर्गावर घेत नाहीत. महाविद्यालयात मात्र नेट-सेट किंवा पीएच.डी. असली की भागतं. शिकवायचं कसं, हे तिथे कोणी विचारत नाही. विषय येतो म्हणजे शिकवताही येणारच, असं सगळे धरून चालतात. मार्च २०२० मध्ये महाविद्यालयं बंद झाली, तास झूम आणि गुगल मीटवर गेले आणि प्राध्यापकांची तारांबळ उडाली. तेव्हा दोष नेटवर्कला दिला गेला. नेटवर्क वाईट होतंच, पण या तारांबळीची मुळं बरीच जुनी आहेत.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) विद्यापीठांमध्ये अकॅडमिक स्टाफ कॉलेजं सुरू केली. नव्या प्राध्यापकांसाठी चार आठवड्यांचा ओरिएंटेशन कोर्स आणि जुन्यांसाठी तीन आठवड्यांचा रिफ्रेशर, अशी ती रचना होती. कल्पना चांगली होती. पण हे कोर्स बढतीच्या नियमांना जोडले गेले आणि स्टाफरूममधला प्रश्न 'रिफ्रेशरमध्ये काय शिकलात?' याऐवजी 'तुमचे किती रिफ्रेशर झाले?' असा झाला. सकाळी दोन व्याख्यानं, दुपारी दोन व्याख्यानं, मध्ये चहा, शेवटच्या आठवड्यात सहभागींचे सेमिनार आणि गटफोटो. चांगलं कसं शिकवावं हेसुद्धा व्याख्यान देऊनच सांगितलं जाई, आणि ते कोणाला खटकतही नसे.

तंत्रज्ञानाची वाट याच सुमारास वेगळी चालू होती. १५ ऑगस्ट १९८४ रोजी यूजीसीचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर सुरू झाला. इन्सॅट-१बी उपग्रहावरून दुपारच्या वेळी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम दाखवले जाऊ लागले. ते तयार करायला पुणे विद्यापीठासह काही ठिकाणी माध्यम केंद्रं उभी राहिली. तिथे कॅमेरे आले, निर्माते आले, संपादनाच्या खोल्या आल्या. प्राध्यापक यायचे ते विषयतज्ज्ञ म्हणून. संहिता तपासायची, गरज पडली तर कॅमेऱ्यासमोर बसायचं, की झालं काम. पडद्यापलीकडचा विद्यार्थी त्या वेळात काय करतो, हे बघणं कोणाच्याच कामात नव्हतं. कार्यक्रम अभ्यासक्रमाला धरून नसत आणि बहुतेक इंग्रजीत असत. त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या बी.ए.च्या मुलाला त्यांचा किती उपयोग झाला असेल, याचा अंदाज बांधता येतो.

विद्यार्थ्याच्या बाजूने विचार झाला तो तिसऱ्याच ठिकाणी. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू राम ताकवले इथले पहिले कुलगुरू. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी नोकरी करून, घर सांभाळून रात्री अभ्यासाला बसणारा. समोर शिक्षक नाही, तेव्हा शिक्षकाचं काम पुस्तकाने करायचं. म्हणून प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्ये मध्ये थांबून सोडवायचे प्रश्न आणि शेवटी ताडून बघायला उत्तरं. असं पुस्तक लिहायला तज्ज्ञ प्राध्यापकांनाही नव्याने शिकावं लागलं. एका वेळी किती सांगायचं, वाचणाऱ्याला कुठे थांबवायचं, तो कुठे अडखळेल, हे लिहिण्याआधीच ठरवावं लागे. ऑनलाइन वर्गाला लागतं तेही नेमकं हेच. पण नियमित विद्यापीठांच्या लेखी 'मुक्त' म्हणजे दुय्यम. तिथली पदवी नोकरीसाठी चालते का, यावर आपल्याकडे इतका वाद झाला की तिथलं अध्यापनाचं शहाणपण शिकून घ्यावं, असं फारसं कोणाला वाटलंच नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत महाग पडलेली चूक ही.

नव्या शतकात आशयनिर्मितीला जोर आला. आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने केंद्राच्या पैशातून 'एनपीटीईएल' हे ऑनलाइन व्याख्यानांचं भांडार उभं केलं आणि अभियांत्रिकीच्या विषयांची संपूर्ण व्याख्यानं सर्वांना खुली झाली. सप्टेंबर २००४ मध्ये इस्रोने खास शिक्षणासाठी 'एज्युसॅट' सोडला. महाविद्यालयांत त्याच्या छत्र्या बसल्या, पुढे त्यातल्या कित्येक गच्चीवर गंजत पडल्या. एनपीटीईएलची व्याख्यानं मात्र टिकली आणि आजही परीक्षेच्या आदल्या रात्री पाहिली जातात. दोन्हींकडे धाटणी एकच होती. उत्तम शिक्षकाला चित्रित करायचं आणि ते सगळीकडे पोचवायचं. गावोगावच्या बाकीच्या शिक्षकांनी काय करायचं, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याला हात घातला मुंबईत, पवईच्या आयआयटीने. २००९ मध्ये केंद्राचं माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं. त्याच सुमारास संगणकशास्त्राचे प्राध्यापक दीपक फाटक यांनी देशभरातल्या अभियांत्रिकी शिक्षकांसाठी दूरस्थ कार्यशाळा भरवायला सुरुवात केली. अमृता विद्यापीठाने विकसित केलेल्या 'ए-व्ह्यू' या प्रणालीवरून पवईचं व्याख्यान एकाच वेळी अनेक महाविद्यालयांतल्या केंद्रांवर दिसे, आणि केंद्रावरचा शिक्षक तिथूनच प्रश्न विचारू शके. खरी मेख होती ती समन्वयकांत. प्रत्येक केंद्राचा समन्वयक आधी पवईला येऊन तयारी करून जाई. मुख्य कार्यशाळेत व्याख्यान पडद्यावर होई, पण प्रात्यक्षिकं आणि ट्युटोरियल तोच आपल्या केंद्रावर घेई. त्यामुळे पडद्यापुढे बसलेल्यांना हाताशी एक माणूस मिळाला. पुढे दहा हजार शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा 'टी-टेन-केटी' प्रकल्प याच पायावर उभा राहिला.

आयआयटी मुंबईतच २०१० मध्ये शैक्षणिक तंत्रज्ञान या विषयात पीएच.डी.ची सोय झाली. आता शिकवणं हाच संशोधनाचा विषय झाला. श्रीधर अय्यर, सहाना मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या भल्यामोठ्या वर्गात 'थिंक-पेअर-शेअर' वापरून पाहिलं. ही पद्धत अमेरिकेतल्या फ्रँक लायमन यांची, १९८१ ची. आधी एकट्याने विचार करून लिहायचं, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग सर्वांसमोर मांडायचं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ८३ टक्के विद्यार्थी सातत्याने कामात गुंतलेले दिसले. मोठ्या वर्गात व्याख्यानाशिवाय काही जमत नाही, या सबबीला हे चांगलं उत्तर होतं.

पुढे याच गटाने ऑनलाइन अभ्यासक्रमाचा विद्यार्थिकेंद्री आराखडा बसवला आणि 'आयआयटीबॉम्बेएक्स' या मंचावर हजारो प्राध्यापकांना त्याचं प्रशिक्षण दिलं, तेही ऑनलाइनच. त्यातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. व्हिडिओ छोटा ठेवायचा आणि त्यात मध्येच विद्यार्थ्याला थांबवायचं. शिक्षक प्रश्न टाकतो आणि सांगतो, 'व्हिडिओ पॉज करा, तुमचं उत्तर वहीत लिहा आणि मग पुढे चला.' पुढे सुरू झाल्यावर तो थेट बरोबर उत्तर सांगून मोकळा होत नाही. 'तुमच्यापैकी काहींनी असं लिहिलं असेल, काहींनी तसं,' असं म्हणत एकेका उत्तराचा समाचार घेतो. हे जमायला विद्यार्थी नेमके कुठे चुकतात ते माहीत असावं लागतं, आणि वीस वर्षं खडू हातात धरलेल्या माणसाला ते पुरेपूर माहीत असतं. त्याचा अनुभव पडद्यावर आणायची ही वाट होती. स्वाध्यायांचंही तसंच. पर्याय चुकीचा निवडला तर नुसती लाल फुली दाखवायची नाही, तो का चुकला हे दोन ओळींत सांगायचं. ज्याने कोणी असे दहा प्रश्न तयार केले असतील, त्याला या कामाला किती वेळ लागतो ते ठाऊक असेल.

सरकारी पातळीवर मात्र गाडी वेगळ्या रुळावर होती. जुलै २०१६ मध्ये यूजीसीने 'स्वयम' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांचे श्रेयांक (क्रेडिट) धरायला परवानगी दिली, एका सत्रात २० टक्क्यांपर्यंत. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. जुलै २०१७ मध्ये 'स्वयम'चं औपचारिक उद्घाटन झालं. त्याच्या अभ्यासक्रमाचे चार भाग ठरले: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वमूल्यमापन आणि चर्चा. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याच मंचावर प्राध्यापकांसाठी 'अर्पित' आलं. ४० तासांचा अभ्यासक्रम, त्यातले २० तास व्हिडिओचे, शेवटी परीक्षा. आणि उत्तीर्ण झाल्यास तो बढतीसाठी एका रिफ्रेशरच्या बरोबरीचा. घर न सोडता रिफ्रेशर होतोय म्हटल्यावर लोक आले, आणि त्यात गैर काही नाही. तीन आठवडे परगावी राहणं, विशेषतः लहान मुलं असलेल्या प्राध्यापिकांना, अवघडच जात होतं. पण विषयाची नवी माहिती देणं हाच यातल्या बहुतेक अभ्यासक्रमांचा भर राहिला. ऑनलाइन शिकवायचं कसं, ही बाजू तोकडीच राहिली.

आणि मग २०२०.

त्या एप्रिल-मेमध्ये वेबिनारांचं पेव फुटलं. लिंक यायची, फॉर्म भरायचा, दीड तास बसायचं, फीडबॅक दिला की ई-सर्टिफिकेट ईमेलवर हजर. अनेक 'फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम'मध्ये गुगल क्लासरूममध्ये वर्ग कसा उघडायचा, मीटवर स्क्रीन कशी दाखवायची, क्विझचा फॉर्म कसा बनवायचा, हे शिकवलं गेलं. तेव्हा तेवढ्याचीच गरज होती, म्हणून त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मार्चच्या अखेरीस अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी लिहिलंही होतं की जे चाललंय ती तात्पुरती आणीबाणीची सोय आहे. महिनोन्‌महिने आखून उभारलेल्या ऑनलाइन शिक्षणाशी तिची तुलना करू नका. आपल्याकडे ही आणीबाणी सरल्यावरही तीच सोय म्हणजे ऑनलाइन शिक्षण, अशी समजूत बऱ्याच ठिकाणी रुजली.

प्रत्यक्षात कित्येक महाविद्यालयांचा खरा वर्ग व्हॉट्सअॅपवरच भरत होता. घरात एकच स्मार्टफोन, तोही वडील कामावरून आल्यावर मिळणार. दिवसाचा डेटा दोन लेक्चरांत संपणार. ज्यांना हे उमगलं त्यांनी तासभराचं लाइव्ह व्याख्यान सोडून दिलं आणि पाच-सात मिनिटांचे ऑडिओ, वहीच्या पानाचा फोटो आणि दोन प्रश्न पाठवायला सुरुवात केली. मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांतली जुनी युक्ती त्यांनी स्वतःच्या अडचणीतून पुन्हा शोधून काढली. बाकीचे बंद कॅमेऱ्यांच्या काळ्या चौकोनांना 'आवाज येतोय ना?' असं विचारत राहिले.

परीक्षांनी उरलीसुरली उणीव उघडी पाडली. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी ऑक्टोबरमध्ये बहुपर्यायी प्रश्नांवर ऑनलाइन परीक्षा उरकल्या. मराठी साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांच्या प्राध्यापकांनी आयुष्यभर 'सविस्तर चर्चा करा' असे प्रश्न काढलेले. त्यांना काही आठवड्यांत प्रश्नपेढ्या भरून द्यायच्या होत्या. चांगला बहुपर्यायी प्रश्न काढणं हे कौशल्य आहे, चुकीचे पर्यायही विचार करून रचावे लागतात, हे सांगायला कोणाला सवडच नव्हती. मग कवीचं जन्मवर्ष विचारलं गेलं.

त्यानंतर कागदावर बरंच काही घडलं. मे २०२१ मध्ये यूजीसीने मिश्र अध्यापनाचा मसुदा आणला. अभ्यासक्रमाचा ४० टक्के भाग ऑनलाइन आणि ६० टक्के वर्गात, असं त्यात सुचवलं होतं. अकॅडमिक स्टाफ कॉलेजांचं नाव मधल्या काळात, २०१५ मध्ये, मानव संसाधन विकास केंद्र झालंच होतं. ५ सप्टेंबर २०२३ रोजी 'मालवीय मिशन' ही शिक्षक-प्रशिक्षणाची योजना जाहीर झाल्यावर ते पुन्हा बदललं. देशभरातल्या १११ केंद्रांमधून आता हे प्रशिक्षण चालतं आणि त्यातले बरेच कार्यक्रम ऑनलाइन होतात. म्हणजे आज प्राध्यापक ऑनलाइन वर्गात विद्यार्थी म्हणून बसतो. त्याचाही कॅमेरा पुष्कळदा बंदच असतो. याचं हसू येतं, पण प्रशिक्षण देणाऱ्यांनी यातूनच काही शिकायला हरकत नाही.

बढतीचा हिशेब कुठे नेतो, हे बघायचं तर यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांतला गुणांचा तक्ता उघडावा. चार श्रेयांकांचा पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम 'स्वयम'च्या त्या चारही भागांसह तयार केला तर २० गुण. एक मॉड्यूल, म्हणजे त्यातला एक घटक, केलं तर ५. एखाद्या मॉड्यूलचं नुसतं लेखन केलं तर २. अभ्यासक्रमाचा समन्वयक झालात तर ८. अभ्यासक्रम सुरू झाल्यावर चर्चेच्या फलकावर रोज विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरं देत बसणाऱ्यासाठी वेगळा रकाना त्या तक्त्यात नाही.