डीबगरमध्ये व्हेरिएबल दिसत नाहीत? फोन करण्याआधी एवढं वाचा

आमची लिस्प (प्रोग्रामिंग भाषा) लायब्ररी सोर्ससकट घेतलेल्या मंडळींचा नेहमीचा फोन असतो की एरर आली, डीबगर उघडला, पण आतली व्हेरिएबल्सच दिसत नाहीत आणि बॅकट्रेसमधून (एररपर्यंत कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं त्याची यादी) मधलं एक फंक्शन गायब आहे, पॅकेज बिघडलंय का. बिघडलेलं काही नाही, तेवढी माहिती जपून ठेव असं कंपायलरला कुणी सांगितलेलंच नसतं.

हे सगळं एसबीसीएल (SBCL) या लिस्प कंपायलरबद्दल आहे, दुसऱ्या कंपायलरचे नियम वेगळे. डीबगची लेव्हल, म्हणजे डीबगरसाठी किती माहिती जपायची तो आकडा, 0 ते 3, आणि सांगितलं नाही तर 1. एकवर फंक्शनला दिलेली आर्ग्युमेंट्स तेवढी मिळतात. दोनवर लोकल व्हेरिएबल्स आणि सोर्समधली नेमकी जागा पण मिळते, आमच्या मते रोजच्या कामाला हीच बरी. तीनवर टेल कॉल ऑप्टिमायझेशन (फंक्शन शेवटी दुसऱ्याला बोलावतं तेव्हा आधीच्याची नोंद स्टॅकवरून काढून टाकणं) बंद होतं, म्हणून ते गायब झालेलं फंक्शन बॅकट्रेसमध्ये परत दिसतं, पण त्याच कारणाने लांबलचक रिकर्शन, जे एरवी आरामात चालतं, ते स्टॅक संपला म्हणून कोसळू शकतं, तेव्हा तीन सगळीकडे लावून ठेवू नका. स्टेपिंग (कोड एकेक पायरीने चालवून बघणं) हवं असेल तर डीबगचा आकडा कंपायलरच्या स्पीड, स्पेस आणि कंपायलेशन-स्पीड या तिन्ही सेटिंगपेक्षा मोठा लागतो, सारखा असून भागत नाही!

स्लाइम (ईमॅक्स एडिटरमधून लिस्प चालवायची सोय) वापरत असाल तर सोपं आहे, संशय असलेल्या फंक्शनवर कर्सर ठेवून कंट्रोल-यू, मग दोनदा कंट्रोल-सी, तेवढंच फंक्शन पूर्ण डीबगवर कंपाइल होतं. फाइलच्या डोक्यावर डिक्लेम (declaim, कंपायलरला द्यायची सूचना) करून लेव्हल लिहिलीत तर ते त्या फाइलपुरतंच राहतं. सगळीकडे किमान लेव्हल हवी असेल तर रिस्ट्रिक्ट-कंपायलर-पॉलिसी वापरा, मग कुठल्या फंक्शनने आत डीबग शून्य लिहिलं असलं तरी त्याचं चालत नाही.

आणि बहुतेक लोक अडकतात ते इथे: सेटिंग बदललं पण जुनी फासल (आधी कंपाइल झालेली) फाइल कॅशमध्ये तशीच, एएसडीएफला (लिस्प प्रोजेक्ट कंपाइल आणि लोड करणारं टूल) सोर्स बदललेला दिसत नाही म्हणून तो तीच लोड करतो, मग सेटिंग चालत नाही म्हणून आम्हाला फोन. एएसडीएफच्या लोड-सिस्टिमला फोर्स टी (:force t) देऊन परत कंपाइल करा.

त्यानंतरही एरर राहिली तर बॅकट्रेस पाठवा, दोनवर कंपाइल केलेला, आणि सोबत डिस्क्राइब-कंपायलर-पॉलिसी चालवून जे छापून येईल तेही जोडा.