ब्रिलियंट (शब्दव्युत्पत्ती)

ब्रिलियंट : ‘लखलखीत, झगझगीत’ या अर्थाचा इंग्रजी शब्द. मराठी बोलण्यात तो बहुधा ‘फार हुशार’ एवढ्याच अर्थाने रुळला आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो फ्रेंच ‘ब्रियाँ’वरून इंग्रजीत आला. त्यामागील ‘ब्रिये’ (चमकणे) हे क्रियापद इटालियन ‘ब्रिल्लारे’वरून घेतलेले आहे. येथपर्यंत फारसा मतभेद नाही.

‘ब्रिल्लारे’चे मूळ मात्र विवाद्य आहे. एका मताने ते लॅटिन ‘बेरिलस’ (बेरिल; पाचू हा याच खनिजाचा प्रकार) या रत्ननामावरून सिद्ध झाले. पण ‘बेरिलासारखे चमकणे’ या अर्थाचे जे मधले रूप त्यासाठी कल्पावे लागते, त्याला लेखी आधार नाही. दुसऱ्या मताने त्याचे मूळ ‘गरगर फिरणे’ या अर्थाच्या अनुकरणवाचक शब्दात आहे. इंग्रजी कोश पहिले मत ‘कदाचित’ म्हणून नोंदवतात, आणि ही सावधगिरी रास्तच म्हणावी लागेल. जर्मन ‘ब्रिले’ (चष्मा) बेरिलवरून आला हे खरे. परंतु त्यावरून इटालियन क्रियापदाविषयी काही सिद्ध होत नाही.

‘बेरिलस’ची पूर्वपरंपरा अधिक स्पष्ट आहे : ग्रीक ‘बेरिल्लोस’, त्यामागे प्राकृत ‘वेरुलिय’, पाली ‘वेळुरिय’, संस्कृत ‘वैदूर्य’ किंवा ‘वैडूर्य’. बेरिल मुख्यतः भारतातच सापडते, असे रोमन लेखक प्लिनीने इ. स. पहिल्या शतकात लिहिले आहे. पाणिनी (अष्टाध्यायी ४.३.८४) ‘वैदूर्य’ हा शब्द ‘विदूर’ या स्थलनामावरून साधतो. त्यावर महाभाष्यात (पतंजलीच्या, पाणिनीच्या सूत्रांवरील भाष्यात) आक्षेप येतो, की हे रत्न निघते वालवाय पर्वतात, विदूर येथे त्यावर केवळ संस्कार होतात. उत्तर असे, की व्यापारी जसे वाराणसीला ‘जित्वरी’ म्हणतात, तसे वैयाकरण वालवायालाच ‘विदूर’ म्हणतात. ही तोडजोड चतुर आहे; पण परका शब्द सूत्रात बसवण्याची धडपड तीत दिसते. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांचा कल द्राविड मुळाकडे, म्हणजे ‘वेळ्’ (पांढरा, उजळ) या धातूकडे किंवा वेळूर (आजचे कर्नाटकातील बेलूर) या गावाकडे आहे. यांत धातूचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. गावांच्या नावांत असे ध्वनिसाम्य सहज सापडते. त्या न्यायाने वेरूळही फार दूर नाही!

मराठीत आज वैडूर्य म्हणजे लसण्या (मांजराच्या डोळ्यासारखा दिसणारा खडा). तो बहुधा क्रिसोबेरिल या निराळ्या खनिजाचा असतो. प्राचीन उल्लेख वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

हिऱ्याच्या ५८ पैलूंच्या घाटालाही ‘ब्रिलियंट’ म्हणतात.