पेढ्याला खाज का सुटली?

माझ्या भाचीकडे एक सोनेरी हॅमस्टर आहे. कंदी पेढ्याच्या रंगाचा, म्हणून नाव पेढा. वय दीड वर्ष, वजन 120 ग्रॅम. ऑगस्टमध्ये तो खाजवायला लागला आणि मी शाळेत जीवशास्त्र शिकवते म्हणून फोन मला आला.

हॅमस्टर जागा असला की अंग चाटणं, तोंड पुसणं, मिशा साफ करणं असं काही ना काही चालूच असतं. त्यात काळजीचं काही नाही. पण गाढ झोपेतून दचकून उठायचं, मागच्या पायाने कानामागे भराभर खरवडायचं, पुन्हा आडवं व्हायचं आणि पाच-दहा मिनिटांनी परत तेच, हे नेहमीचं नव्हे. भाचीने रात्री मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला होता. शेपटीच्या जरा वर पाठीवरचे केस विरळ झाले होते आणि कातडीवर कोंडा दिसत होता.

"मावशी, आणि हे बघ, दोन्ही बाजूंना काळे डाग!"

डागांचं उत्तर सोपं होतं. सीरियन, म्हणजे सोनेरी हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर एकेक गंधग्रंथी असते. आपली हद्द आखायला तिचा वास कामी येतो. नरात ती मोठी आणि काळपट असते, कधी ओलसर होते आणि तेव्हा तो ती चाटतो, खाजवतोही. हा आजार समजून मलम चोळणारे पुष्कळ भेटतात. बुटक्या जातीच्या हॅमस्टरमध्ये हीच ग्रंथी पोटाच्या मध्यावर असते आणि तिथेही हाच घोटाळा होतो.

बाकी प्रकरण मात्र इतकं सोपं नव्हतं. ताईचं मत, पावसाळा आहे, नायटा असणार. भाऊजींना भुशाचा संशय होता. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. हा प्राणी मुळात कोरड्या मुलखातला. 1930 साली इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियात अलेप्पोजवळच्या शेतातून एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली. आज जगभर घराघरांत असलेले बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्याच कुटुंबाचे वंशज. अशा प्राण्याला आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टची दमट हवा आणि ओलसर बिछाना कसा मानवावा? बुरशीला मात्र तो छान मानवतो. भुशाचंही तसंच. पाइन-सीडरच्या लाकडाला जो छान वास येतो, तो त्यातल्या तेलांचा. त्यांचा आणि बारीक धुळीचा या प्राण्यांना त्रास होऊ शकतो. तेव्हा पोट आणि पावलं लाल होतात, बऱ्याचदा जोडीला शिंकाही येतात. पेढ्याचं पोट स्वच्छ होतं. शिंका नव्हत्या.

खाज शरीरावर कुठे आहे, यावरून बरंच कळतं. कानांच्या कडा, नाक आणि पावलांवर जाड खपल्या असतील तर खरजेच्या किड्याचा संशय घ्यावा; तो कातडीत बोगदे खणतो आणि खाज भयंकर असते. फक्त नाकावर टक्कल पडलं असेल, तर पठ्ठ्या पिंजऱ्याचे गज चावत बसतो एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. दोन्ही बाजूंचे केस सारखेच गळताहेत, कातडी पातळ झाली आहे, पाणी खूप पितोय पण खाज नाही, अशा वेळी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीकडे बघावं लागतं. म्हाताऱ्या हॅमस्टरला कधी त्वचेचा कर्करोगही होतो. त्यातही खाज आणि खपल्या असतात आणि त्वचेचा तुकडा तपासल्याशिवाय तो ओळखू येत नाही. यातलं कुठलंच चित्र पेढ्याला नीट बसेना, म्हणून शनिवारी आम्ही त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळलं. बोथट ब्लेडवर लिक्विड पॅराफिनचा थेंब घेतला, केस विरळ झालेली कातडी चिमटीत हलकेच दाबली आणि रक्ताचा जेमतेम ठिपका दिसेपर्यंत खरवडली. तो खरवडा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. "या, बघा." विडीसारखा लांबट, पुढच्या टोकाला आखूड पायांच्या जोड्या असलेला एक जीव संथपणे हलत होता. डेमोडेक्स, म्हणजे माइट, कोळ्याच्या कुळातला सूक्ष्म जीव. हॅमस्टरवर याच्या दोन जाती राहतात: हा लांबट केसांच्या मुळाशी, आणि दुसरा बुटका, कातडीच्या वरच्या थरात.

मला वाटलं, सापडला चोर. डॉक्टरांना तसं वाटत नव्हतं. डेमोडेक्स धडधाकट हॅमस्टरवरही असतात. आपल्या पापण्यांच्या मुळाशीही त्यांचे भाऊबंद सुखाने राहतात. वय, कुपोषण, मूत्रपिंडाचा किंवा दुसरा एखादा आजार यांमुळे प्रतिकारशक्ती ढासळली की ते वाढतात. केस जातात, कोंडा होतो. मात्र खाज बहुधा बेताचीच असते. "झोप उडवणारी खाज ह्यांची नव्हे," डॉक्टर म्हणाले. नायट्याच्या शंकेपोटी त्यांनी थोडे केस उपटून बुरशी वाढवून बघायला पाठवले. निळ्या दिव्याखाली केस चमकले नव्हते, पण नायट्याच्या सगळ्या बुरशी त्या दिव्याखाली चमकत नाहीत.

मग ते भाचीकडे वळले. "काय गं, तुला कुठे खाजतंय का?"

तिने बाही वर केली. मनगटाच्या वर तीन लाल फोड होते. ताई इतके दिवस त्यांना डासांचे समजत होती.

घरी आल्यावर मी पिंजऱ्यातलं लाकडी घरकुल पांढऱ्या कागदावर धरून टिचक्या मारल्या. सांध्यातून खसखशीच्या दाण्याहून थोडे बारीक ठिपके पडले आणि चालायला लागले. एकावर चिकटपट्टी दाबली तर तांबडा डाग उमटला. ती पट्टी पाहून डॉक्टरांनी नाव सांगितलं: ऑर्निथोनिसस बॅकोटी, म्हणजे उंदरा-घुशींच्या अंगावर पोसणारा रक्तपिपासू माइट. हा यजमानाच्या अंगावर मुक्काम करत नाही. फटीत, भुशात लपतो, रक्त प्यायला बाहेर येतो आणि पुन्हा गडप होतो. उंदीर मिळाला नाही तर हॅमस्टर, तोही नसला तर माणूस. त्वचेच्या खरवड्यात म्हणूनच तो बहुधा सापडत नाही. बाल्कनीत भुशाचं पोतं ठेवलं होतं. ते उलटं केलं तर तळाशी चिंध्या-कागदांचं घरटं आणि लेंड्या निघाल्या.

याचा चावा म्हणजे खरं तर बारीकशीच जखम. त्याची लाळ कातडीत गेली की तिथल्या पेशी हिस्टामिन हे खाज आणणारं रसायन सोडतात, चेतातंतू मेंदूला कळवतात आणि पाय आपोआप उचलला जातो. पुढचं नुकसान नखं करतात. ओरखड्यात जिवाणू शिरतात, त्याने आणखी खाज सुटते आणि काही दिवसांनी मूळ कारण या सगळ्याखाली झाकून जातं.

औषधाच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. ताईच्या शेजाऱ्यांनी आपल्या कुत्र्याचं गोचिडांचं औषध देऊ केलं होतं. कुत्रा 12 किलोचा, पेढा 120 ग्रॅमचा: शंभरपट फरक. शिवाय काही औषधं लहान प्राण्यांना थोड्या मात्रेतही विषारी ठरतात. जखम चिघळली म्हणून घरातली अँटिबायोटिकची गोळी कुटून देणं त्याहून वाईट. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं आणि क्लिंडामायसिन हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात. मग क्लॉस्ट्रिडियम डिफिसील माजतो आणि प्राणी जुलाबाने मरतो. 1970च्या दशकात माणसांना अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या आतड्याच्या दाहाचं कोडं याच जिवाणूपाशी सुटलं, ते हॅमस्टरवरच्या प्रयोगांच्या मदतीने.

पेढ्याला डॉक्टरांनी वजन करून मोजून थेंब दिला. पोतं आणि घरकुल फेकलं, पिंजरा उकळत्या पाण्याने धुतला, भुशाच्या जागी कागदाच्या पट्ट्या आल्या. भाऊजींनी बाल्कनीच्या पाइपाला जाळी बसवली, ती दोनदा चुकीच्या मापाची आणून. भाचीचे फोड आठवड्याभरात थांबले. बुरशीचा अहवाल कोरा आला. महिन्याने पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा पाठीवर नवी लव आली होती. डॉक्टरांनी सवयीने खरवडा घेतला, सूक्ष्मदर्शकात डोकावले.

"दोन डेमोडेक्स आहेत," ते काचपट्टी पुसत म्हणाले. "असू देत."