भुलाबाईची गाणी विसरत का नाहीत?

भादव्यातली पौर्णिमा आली की नागपुरात घरोघरी भुलाबाई, म्हणजे लोकांची पार्वती, बसते, कोजागिरीपर्यंत पोरी टिपऱ्यांच्या ठेक्यावर तिची गाणी म्हणतात आणि मोबाइलवर फॉरवर्ड सुरू होतात. त्यातला एक म्हणतो, या गाण्यांच्या 'कंपनांनी' मेंदूतल्या सुप्त पेशी जाग्या होतात. अशा थापांची गरजच नाही. या गाण्यांत खरं विज्ञान भरपूर आहे.

तोंडी चालतं ते कानगोष्टींसारखं बिघडणारच, असं आपण धरून चालतो. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांच्या १९३२च्या पुस्तकात तसे प्रयोगच आहेत. अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा एकाने वाचून आठवेल तशी लिहायची, ते लिखाण दुसऱ्याने वाचून पुन्हा लिहायचं. होता होता गोष्ट आखूड झाली, सीलच्या शिकारीची साधी मासेमारी झाली.

गाण्याचं तसं होत नाही, कारण त्यात एकाच शब्दाला अनेक बाजूंनी दोऱ्या बांधलेल्या असतात. 'एक पक्षी सांगा' म्हटलं तर कावळा, चिमणी, पोपट, काहीही येईल. 'ओर'ने संपणारा शब्द म्हटलं तर चोर, दोर, थोर. दोन्ही अटी एकदम घाला, मोर सोडून फारसं काही उरत नाही. डेव्हिड रुबिन आणि वांडा वॉलेस या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दांवर हे तपासलं. नुसत्या अर्थावरून किंवा नुसत्या यमकावरून क्वचितच सुचणारा शब्द दोन्ही मिळताच जवळजवळ सगळ्यांना सुचला. म्हणजे खुणांची बेरीज होत नाही, एक खूण दुसरीच्या यादीला चाळणी लावते. वर ठेका असतो. अक्षरं कमी-जास्त झाली की टिपरी चुकते.

कारल्याच्या गाण्यात आणखी एक दोरी आहे. सुनेला माहेरी जायचंय, सासू अटी घालते: बी, कोंब, वेल, फूल, कारलं, भाजी. क्रम पाठ करावाच लागत नाही, तो वेलीचाच आहे. एखादीने वेलाआधी फूल आणलं की बाकीच्या पोट्ट्या तिथल्या तिथे ओरडतात. कानगोष्टीत ऐकणारा एकटा असतो, इथे अख्खी आळी तपासनीस.

ज्या शब्दाला दोरी नाही, तो मात्र खुशाल बदलतो: दिराचं नाव, दागिना, माहेरचं गाव. मिलमन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड या अमेरिकन अभ्यासकांनी १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या, लांबलचक वीरकथा तोंडी गाणाऱ्या गायकांची ध्वनिमुद्रणं केली. गायक छातीठोकपणे सांगत, शब्द न शब्द तोच गातो. मुद्रणं शेजारी ठेवली तेव्हा कथा तीच निघाली, ओळी वेगळ्या. नागपूरची आत्या आणि अमरावतीची मावशी दर कोजागिरीला याच कारणावरून भांडतात.