नमुन्याचं कापड ढोलावर कसं चढलं

मराठी शाळेत शिवण शिकलेल्या बायकांच्या कपाटात ती वही अजून कुठेतरी असते. पानागणिक पांढऱ्या कापडाचा एक चौकोनी तुकडा चिकटवलेला. त्यावर धावदोरा, उलटी टीप, हेम, काज, गहू टाका, साखळी टाका. खाली बाईंची लाल शाईतली सही. आईची वही गिरगावच्या चाळीतून बोरिवलीला आली, मध्ये दोनदा रद्दीत जाता जाता वाचली. सॅम्पलर म्हणतात तो मुळात हाच प्रकार. लॅटिन ‘एक्झेम्प्लम’ म्हणजे नमुना, त्यावरून आलेला शब्द. कुणाकडे एखादी वेल किंवा किनार आवडली की ती आपल्या कापडावर उतरवून घ्यायची, पुढे लागेल तेव्हा बघायला.

हल्ली क्रॉस स्टिच, म्हणजे फुलीचा टाका, करणाऱ्या बऱ्याच जणी सॅम्पलर चौकटीत न घालता त्याची ढोलासारखी गोल पिनकुशन, म्हणजे सुया-टाचण्या खोचायची उशी, करतात. ‘एवढं बारीक काम, आणि त्यात सुया खुपसायच्या?’ असं घरात हमखास कुणीतरी विचारतं. पण मागे जाऊन पाहिलं तर भिंतीवरची चौकटच नंतरची निघते.

इजिप्तमध्ये मामलूक सुलतानांच्या काळातले, १४व्या-१५व्या शतकांतले भरतकामाचे असे नमुने आज संग्रहालयांत आहेत. युरोपात भरतकामाच्या नमुन्यांची छापील पुस्तकं १५२०च्या दशकात जर्मनीतल्या ऑग्सबर्गला निघू लागली. तारीख घातलेला सर्वांत जुना ज्ञात इंग्लिश सॅम्पलर १५९८चा, जेन बॉस्टॉक हिचा. तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. त्यावर अक्षरमाला आहे, अॅलिस ली नावाच्या मुलीच्या जन्माची नोंद आहे आणि नमुन्यांचे तुकडे आहेत. पुढे १७व्या शतकात सॅम्पलर लांबट, अरुंद पट्टीचे झाले. एकाखाली एक किनारी भरायच्या आणि पट्टी गुंडाळून डब्यात ठेवायची. टांगायचा प्रश्नच नव्हता, ते कामाचं कापड होतं.

१८व्या शतकात पट्टी आखूड नि रुंद झाली, चारी बाजूंनी वेल आली, मध्ये घर, झाडं, एखादं भजन, खाली मुलीचं नाव आणि वय. आता ते चौकटीत जाऊन दिवाणखान्यात लागलं. मुलगी शिकलेली आहे, हाताला वळण आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. रुखवतात मांडलेलं मॅटीवरचं तोरण आणि टेबलक्लॉथ पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्यातल्या अक्षरांना मात्र रोजचं काम होतं. घरच्या चादरी, अभ्रे, टॉवेल धुवायला गेले की परत येताना ओळखू यावेत म्हणून कोपऱ्यात आद्याक्षरं आणि आकडा फुलीच्या टाक्याने भरत. या टाक्याला इंग्रजीत ‘खुणेचा टाका’ अशा अर्थाचंच नाव होतं. आपल्याकडे ही खूण घरातल्या मुलीने नाही, धोब्याने केली, आणि तीही सुईने नाही तर बिब्ब्याच्या न जाणाऱ्या काळ्या रसाने. बिब्ब्याचं इंग्रजी नाव ‘मार्किंग नट’ पडलं ते त्यामुळेच.

मुंबईत हे शिवण शाळेच्या वाटेने आलं. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनने १८२४मध्ये इथे मुलींची शाळा काढली. १८२९मध्ये आलेल्या स्कॉटिश मिशनरी मार्गारेट विल्सन यांनी आणखी काढल्या. मिशनच्या शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला सुईदोरा असे. १९०८मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी बायकांसाठी सेवासदन ही संस्था काढली, तेव्हा शिवणकाम हे बाईच्या पोटापाण्याचं साधन म्हणून शिकवलं जाऊ लागलं. वळण लावायचं शिवण आणि पैसे मिळवायचं शिवण यांत फरक आहे, आणि मला दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. शाळेतली ती वही दोन्हींच्या मधली.

आता टाचणी. यंत्रं येण्याआधी टाचणी हाताने होत असे आणि जपून वापरली जाई. अॅडम स्मिथने १७७६मध्ये श्रमविभागणी समजावताना टाचणीच्या कारखान्याचंच उदाहरण घेतलं: १८ कामं वाटून घेतली की १० माणसं दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. कपडे टाचण्यांनीच अंगावर बसवायचे, तेव्हा टाचण्या जवळ बाळगायची सोय हवीच. कमरेला फितीने लटकवायचा विणलेला चेंडू हा एक प्रकार. इंग्लंडमधल्या अॅकवर्थच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या शाळेतल्या मुली असे चेंडू विणत. खिशातल्या पिनकुशनसाठी पुठ्ठ्याच्या दोन गोल चकत्या कापडाने मढवून एकमेकींना जोडत आणि कडेने टाचण्या खोचत. बाळंतिणीला भेट द्यायच्या उशीवर टाचण्यांच्या डोक्यांनीच बाळाच्या स्वागताचे शब्द लिहीत. ती बाळंतपण झाल्यावरच द्यायची, कारण ‘जितक्या टाचण्या तितक्या कळा’ अशी समजूत. १८४९मध्ये वॉल्टर हंटने सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं आणि बाळाच्या दुपट्यातली उघडी टाचणी हळूहळू गेली. त्याच पिनेवर आज लोकलच्या गर्दीत आपला पदर खांद्यावर टिकतो.

खिशातल्या त्या चकतीची उंची वाढवली की ढोल होतो. वर एक गोल, खाली एक गोल, भोवती पट्टी. आणि इथे १७व्या शतकातली ती लांबट पट्टी चपखल बसते. भिंतीवरच्या सॅम्पलरचं चित्र एका नजरेत दिसावं लागतं. ढोलावरचं हातात फिरवत वाचायचं. वेलीला सुरुवात नाही, शेवट नाही.

मात्र हिशेब चोख हवा. अडीच इंच व्यासाच्या गोलाचा घेर ७.८५ इंच. इंचाला १४ घरांचं (एका घरात एक फुली) कापड घेतलं तर ११० घरं. १० घरांची बुट्टी असेल तर बरोबर ११ वेळा बसते, १२ घरांची असेल तर नऊ बसतात आणि दहावी दोन घरांवरच तुटते. मी पहिल्या ढोलाला हा गुणाकार करून मोठ्या ऐटीत पट्टी भरली. विसरले एवढंच की पुठ्ठ्यावर कापड आणि आत भरण आलं की व्यास वाढतो. शेवटी सांध्यात बोटभर फट राहिली. भुलेश्वरहून आणलेली काठाची लेस त्यावर उभी शिवली. पाहुण्यांना ती नक्षीच वाटते. आता मी आधी ढोल बांधते, सुतळीने घेर मोजते आणि मगच अँकरच्या भरतकामाच्या दोऱ्याची लडी उघडते.

भरणाचा प्रश्न मुंबईत जास्त छळतो. भुसा, कोंडा, लोकर, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा असं काय काय भरत आले आहेत. टोमॅटोच्या आकाराच्या पिनकुशनला लोंबणारी छोटी कापडी स्ट्रॉबेरी असते, तिच्यात कुरुंदाची पूड, सुईचं टोक घासायला. आपल्या हाताशी असतो उशीतला कापूस, पण तो पावसाळ्यात ओल धरतो आणि सुया तांबड्या पडतात. लोकरीत तिचं स्वतःचं थोडं तेल असतं, म्हणून ती बरी. आमच्या चाळीखालचा शिंपी टाका घालता घालता सुई केसांत फिरवायचा, तेही तेलासाठीच. दुसऱ्या ढोलात मी उसवलेल्या जुन्या स्वेटरची लोकर कोंबली. गेल्या जुलैत खिडकीशी राहूनही त्यातल्या सुया पांढऱ्या आहेत. पहिल्यातल्या फेकल्या.